चाळीतला बोर्ड, बुलडॉग आणि अमेरिकेतला जाळीवाला: सोसायटीसाठी कॅरम घेताना

गेल्या महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये क्लबहाऊससाठी कॅरम बोर्ड घ्यायचं ठरलं. 14,000 रुपये मंजूर झाले. सेक्रेटरी माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्ही ऑफिसच्या टीमकडून खेळलेल्या आहात. तुम्हीच जाऊन घेऊन या. फक्त फ्रेम सगळ्यात जाड बघा, म्हणजे परत खर्च नको."

मी हो म्हटलं आणि घरी जाण्याआधी जिन्याखाली ठेवलेला जुना बोर्ड बाहेर काढला. दोन वर्षांपूर्वी हाही असाच जाड फ्रेमचा फोटो बघून ऑनलाइन मागवला होता. तीन इंच रुंद फ्रेम, झकास पॉलिश, गोल केलेले कोपरे. पण प्लाय जेमतेम चार मिलिमीटरचा. फोटोत फ्रेम दिसते, प्लायची जाडी कुठे दिसते? पहिल्याच पावसाळ्यात बोर्डला मधोमध पोट आलं. हलक्या हाताने ढकललेली सोंगटी पॉकेटपाशी पोचता पोचता डावीकडे वळायची. कंपनीला फोटो पाठवले, तर परत करायची मुदत संपली असं उत्तर आलं. मुलांनी दोन महिने रेटून बघितलं आणि सोडून दिलं. मग सगळे म्हणायला लागले, हल्लीच्या मुलांना कॅरमची आवडच नाही. हे मला फार लागलं. नेम बरोबर धरूनही सोंगटी जात नसेल तर दहा वर्षांचं पोर दुसरं काय करणार?

म्हणून या वेळी ठरवलं, दुकानात जायचं, बोर्डवर पावडर टाकायची, खेळून बघायचं आणि मगच पैसे द्यायचे. त्याचाच हा सगळा वृत्तांत आहे. थोडा लांबेल, कारण बोर्ड कसा निवडायचा हे मी कोणत्या बोर्डांवर खेळले त्यावरूनच मला कळलंय.

मी लालबागच्या चाळीत वाढले. बाबा गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांची. तोवर कॅरम हा संध्याकाळचा खेळ होता, संपात तो दिवसभराचा झाला. मंडळाचा बोर्ड जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत एका रिकाम्या पिंपावर ठेवलेला असायचा. वर गॅलरीच्या वाशाला वायर गुंडाळून खाली सोडलेला शंभरचा बल्ब आणि त्याला वर्तमानपत्राची टोपी. चौघे खेळायला, चौदा जण बघायला. मुलींना संध्याकाळी तिथे जागा नसायची. दुपारी पुरुषमाणसं सभेला नाहीतर मोर्च्याला गेली की आई, शेजारच्या दोन काकू आणि मी बोर्ड धरायचो. स्ट्रायकर कसा धरायचा ते मला आईने शिकवलं. बोरिक पावडर संपली की अंगाला लावायची पावडर, तीही संपली की तांदळाची पिठी. पिठीने सोंगट्या अडखळायच्या, पण खेळ थांबायचा नाही. सोंगट्यांना आम्ही कवड्या म्हणायचो, अजूनही तोंडात तोच शब्द पटकन येतो.

त्या बोर्डचा प्लाय पातळ होता आणि फ्रेम दीड-दोन इंचांची. उजव्या हाताच्या लांबच्या पॉकेटजवळ प्लायचा एक पापुद्रा निघालेला, नखाएवढा. तिथून जाणारी कवडी क्षणभर अडायची. आम्हा सगळ्यांना ते पाठ होतं, त्यामुळे त्या पॉकेटला आम्ही फ्रेमला लावून न्यायचो. दुसऱ्या चाळीतून कोणी खेळायला आलं की तिथेच फसायचं. त्या बोर्डवर जोर लागायचा. कवडी समोरच्या फ्रेमपर्यंत न्यायची तर मनगटासकट झटका द्यायला लागायचा, आणि तोच आमचा हात झाला.

खेळही वेगळा होता. काळी पाच, पांढरी दहा, राणी पंचवीस. म्हणजे बोर्डवर एकूण 160 पॉइंट, आणि ज्याला जी दिसेल ती त्याने घ्यायची. स्ट्रायकर ठेवायच्या लाइनच्या खाली आलेली कवडी सरळ मारायची नाही, समोरच्या फ्रेमवरून परत आणायची. त्यामुळे चाळीतल्या खेळाडूंचं रिबाउंड फार पक्कं. आई तर तिरकं फ्रेमला मारून हाताखालची कवडी आपल्याच डाव्या पॉकेटात अशी घ्यायची की काकू तिचा हात धरून बघायच्या. पॉइंटच्या खेळात अडवाअडवी जवळजवळ नसते. समोर सोपं काय आहे ते बघायचं आणि घ्यायचं. पाहुणे, आजोबा, लहान मुलं सगळे एकत्र बसणार असतील तर याच्यासारखा खेळ नाही, आणि घरी आम्ही आजही तोच खेळतो.

नोकरी लागल्यावर ऑफिसच्या महिला टीममध्ये नाव दिलं. पहिल्या आंतर-कार्यालयीन स्पर्धेत खऱ्या मॅचबोर्डसमोर बसले तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. खुर्ची ठरलेल्या उंचीची, बोर्ड स्टँडवर, वर शेडमधला बल्ब, बाजूला अंपायर, आणि शॉट मारायला 15 सेकंद. मी चाळीत मारायचे तसाच मारला. पांढरी पॉकेटच्या कडेला लागून अख्खा बोर्ड फिरून माझ्यापुढे आली आणि स्ट्रायकर गेला पॉकेटात. ड्यू, म्हणजे दंड. पुढच्या पाळीला पुन्हा तेच. पहिला गेम मी शून्यावर हरले. आमच्या टीममधल्या सिनियर बाई मागे बसल्या होत्या. मधल्या वेळेत त्या एवढंच म्हणाल्या, "हात सोड. जोर बोर्ड देतोय, तू फक्त दिशा दे."

ते अंगात मुरायला मला सहा महिने लागले. रोज लंच टाइममध्ये एकटी बसून एकच शॉट मारायचे: स्ट्रायकर लाइनवर, सोंगटी मधल्या वर्तुळात, आणि तिला पॉकेटच्या तोंडापर्यंत न्यायचं, पण पडू द्यायचं नाही. पडली तर जोर जास्त झाला. तिथे मला समजलं की चांगल्या बोर्डवर हळू मारता येतं, आणि कॅरमचा सगळा खेळ या हळू मारण्यात आहे.

स्पर्धेतला खेळ म्हणजे काळ्या-पांढऱ्याचा. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी. आपल्या रंगाच्या आधी संपवायच्या, समोरच्याच्या जितक्या उरल्या तितके पॉइंट, राणीचे तीन. 25 पॉइंट किंवा आठ बोर्ड (म्हणजे आठ डाव), जे आधी होईल तिथे गेम संपतो, आणि 22 पॉइंट झाले की राणीचे पॉइंट मिळत नाहीत. यात समोरच्याचा विचार सतत करावा लागतो. आपली सोंगटी पॉकेटच्या तोंडावर ठेवून त्याची वाट अडवायची, त्याच्या दोन सोंगट्यांची जोडी फोडायची नाही, राणी कव्हर होणार नसेल, म्हणजे तिच्यामागोमाग लगेच आपली सोंगटी घेता येणार नसेल, तर तिला हातच लावायचा नाही. अंगठ्याने मागच्या बाजूला मारायची परवानगी आहे, त्यामुळे चाळीतला 'लाइनच्या खाली मारायचं नाही' हा नियम इथे गळून पडतो. पुण्याचे योगेश परदेशी दोनदा जगज्जेते झाले, मुंबईचे प्रशांत मोरे 2016 ला बर्मिंगहॅममध्ये झाले. अशा खेळाडूंचे सामने ज्यांनी बघितलेत त्यांना विचारा, डोळ्यांपुढे काय राहतं: आवाज नाही, धावपळ नाही, सोंगटी नुसती सरकत जाते.

आता दुकानाकडे येते. मुंबईत खेळाचं सामान म्हटलं की धोबी तलाव. रविवारी गर्दी असते म्हणून शनिवारी सकाळीच निघाले. बरोबर तिसऱ्या मजल्यावरची दहा वर्षांची मुलगी होती. जिन्याखालच्या बोर्डवर शेवटपर्यंत टिकून राहिलेली तीच एकटी. बोर्ड मुलांसाठी घ्यायचा तर मुलाचा हात लावून बघायला हवा, हे मला पक्कं वाटत होतं.

दुकानदार चांगले निघाले. सिस्का, सिन्को, सुरको या नावांचे बोर्ड ओळीने उभे होते. मी म्हटलं, "दादा, तीन बोर्ड आडवे टाकून पावडर मारू द्याल का?" ते म्हणाले, "ताई, तुम्ही विचारताय यातच आलं. या, मागे स्टँड आहे." हे मी मुद्दाम लिहिते. जो दुकानदार बोर्डवर पावडर टाकू देत नाही त्याच्याकडून बोर्ड घेऊ नका. नुसत्या उभ्या बोर्डवरून काहीही कळत नाही.

पहिला बोर्ड घरगुती, 26 इंची, 1,900 रुपयांचा. हा बहुतेक लोक मुलांसाठी घेतात, 'लहान मुलं आहेत, लहान बोर्ड पुरे' या हिशेबाने. मुलीने तीन-चार शॉट मारले. दर शॉटला तिचा खांदा हलत होता. बोर्ड लहान, पण प्लाय पातळ आणि खरखरीत, त्यामुळे तिला सगळी ताकद लावावी लागत होती. बोटाने प्लाय दाबला तर मधे दबत होता. खाली वाकून बघितलं, आधाराला एकच पट्टी. हा बोर्ड मुलांसाठी आहे हे मला मुळीच पटत नाही. मुलाला जोराने मारायची सवय लावणारा बोर्ड आहे हा, माझ्या चाळीतल्या बोर्डसारखाच, आणि ती सवय मोडायला मला किती त्रास झाला ते वर लिहिलंच आहे.

दुसरा मॅचसाइजचा. खेळायची जागा 29 इंच, म्हणजे नियमात असते तशी साधारण 74 सेंटिमीटर. प्लाय 12 मिलिमीटरचा, बर्च लाकडाचा, फ्रेम तीन बाय दीड इंच, 6,800 रुपये. नियमाप्रमाणे प्लाय कमीत कमी आठ मिलिमीटर लागतो, म्हणजे हा आरामात बसतो. वजन चौदा-पंधरा किलो. दोघांनी सहज उचलला.

तिसरा तोच, ज्यावर सेक्रेटरींचा जीव होता. चार बाय दोन इंची फ्रेम, 20 मिलिमीटर प्लाय, दुकानात याला बुलडॉग, जंबो अशी नावं आहेत. 11,500 रुपये आणि वजन पंचवीस किलोच्या पुढे. दिसायला राजासारखा. हात फिरवला की लगेच घरी न्यावासा वाटतो, खरंच.

मी प्रत्येक बोर्डवर पाच गोष्टी बघितल्या. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून धरला, दोन्ही बाजूंनी. दोरा आणि प्लाय यांच्यामध्ये कुठे फट दिसते का, की मधे प्लायच दोऱ्याला वर ढकलतो, ते यात लगेच दिसतं. मग बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून बघितलं: मधे आणि कडेला आवाज सारखा यायला हवा. मधे पोकळ आला तर खालच्या पट्ट्या कमी आहेत. मग फ्रेमच्या कोपऱ्यातल्या सांध्यावरून नख फिरवलं. मग पॉकेटची कड, आतल्या बाजूने, तिथे प्लायची कपच निघालेली नको. आणि शेवटी स्ट्रायकर. आंतरराष्ट्रीय नियमात एक छान कसोटी दिली आहे: 15 ग्रॅमचा स्ट्रायकर एका फ्रेमपासून पूर्ण जोराने मारला तर त्याने जा-ये करून कमीत कमी साडेतीन फेऱ्या करायला हव्यात. 26 इंचीवर दोन जेमतेम झाल्या. बारा मिलिमीटरवर साडेतीन होऊन स्ट्रायकर थोडा पुढे गेला. जंबोवर चारच्या वर.

मग मी पंधरा मिनिटं जंबोवर खेळले. रिबाउंड असं की अंगावर काटा यावा. फ्रेम जड असल्याने धक्का खात नाही, सगळा परत देते. लांबच्या फ्रेमवरून आणलेली सोंगटी माझ्या हाताखालच्या पॉकेटात इतक्या सहज पडली की आईची आठवण झाली. प्लाय जाड असल्याने सोंगटी उडत नाही, आवाज बसका आणि भरलेला येतो. रोज चार-चार तास सराव करणाऱ्या मुलामुलींनी हाच बोर्ड घ्यावा. बोर्ड वेगवान असला की हातातली बारीकशी चूकही लगेच मोठी होऊन दिसते, आणि सराव करणाऱ्याला तेच हवं असतं.

पण मग मुलीला बसवलं. फ्रेम चार इंच रुंद, त्यापुढे बेसलाइन आणखी दहा सेंटिमीटर आत. म्हणजे बोर्डच्या कडेपासून स्ट्रायकर वीस सेंटिमीटर लांब. तिला तिथे हात टेकवायला अर्धवट उठावं लागत होतं, कोपर हवेत, आणि मनगट टेकत नसल्यामुळे बोट थरथरत होतं. दुसऱ्या बोर्डवर फ्रेम एक इंचाने कमी. तो एक इंच काय करतो ते त्या दिवशी मी डोळ्यांनी बघितलं. तिने मनगट टेकवलं, श्वास घेतला, आणि पांढरी सोंगटी कोपऱ्यापर्यंत सरकत सरकत गेली. आत पडली नाही, तोंडावर थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बरोबर आहे. हात सोडलास ना, तसाच." माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

आमच्या सोसायटीत जंबो नको याचं दुसरं कारण म्हणजे क्लबहाऊसमध्ये शनिवारी योगाचा वर्ग असतो, रविवारी वाढदिवस. बोर्ड आठवड्यातून दोनदा उचलून भिंतीला लावायचा आहे. पंचवीस किलोचा बोर्ड दर वेळी कोण उचलणार? तो ओढत नेला जाणार, आणि ओढला की कोपऱ्याचे सांधे सुटतात. सेक्रेटरींना फोन करून हे सगळं सांगितलं. ते दोन मिनिटं गप्प राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे ताई, तुमचा हात आहे, तुम्हाला कळतं."

दुकानदारांशी बोलता बोलता अमेरिकेतल्या बोर्डचा विषय निघाला, कारण त्यांच्याकडे एक गिऱ्हाईक जाळीचे कोपरे असलेला बोर्ड शोधत आलं होतं. तो मी खेळलेय. माझा भाचा मिशिगनमध्ये असतो. त्याच्या शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये होता. तिथे लुडिंग्टन नावाच्या गावात हेन्री हॅस्केल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा बोर्ड काढला, मुलांनी पूलच्या अड्ड्यांवर जाऊ नये म्हणून. 28 इंची हलका बोर्ड, चारी कोपऱ्यांत छोट्या जाळ्या, आणि सोंगट्यांच्या जागी पोकळ कड्या: बारा लाल, बारा हिरव्या, एक काळी. स्ट्रायकरही कडीच. पावडर लागत नाही. बोर्डच्या दोन्ही बाजूंना पट रंगवलेले, त्यामुळे एकाच बोर्डवर इतरही पुष्कळ खेळ खेळता येतात.

आपल्या हाताला ते सुरुवातीला काहीच वाटत नाही. कडी इतकी हलकी की स्ट्रायकरसारखं ढकलून चालत नाही, नखाने टिचकी मारावी लागते, आणि फ्रेमला लागली की तिचा जीव संपतो. रिबाउंड जवळजवळ नाहीच. पण शेजाऱ्यांची पाच वर्षांची नात खाली मांडी घालून टिचक्या मारत होती आणि तिला ते सहज जमत होतं. आपल्याकडे पाच वर्षांच्या मुलाला 15 ग्रॅमचा स्ट्रायकर झेपत नाही. एवढ्या लहान मुलांच्या घरात तो बोर्ड फार छान आहे. पण त्यातून आपल्या कॅरमचा हात तयार होणार नाही, आणि कोणी आपल्या कॅरमची सुरुवात म्हणून तो घेत असेल तर घेऊ नये. येताना लोकलमध्ये मुलीला मी दुसरी अमेरिका सांगितली: नोव्हेंबर 2024 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला कॅरमचा वर्ल्डकप झाला आणि चेन्नईच्या रिक्षाचालकाच्या मुलीने, काझिमाने, तीन सुवर्णपदकं घेतली. वय सतरा. ती विचारत होती, "तिचा बोर्ड कुठला होता?" अंबरनाथ लोकलच्या गर्दीत हा प्रश्न ऐकून मला इतका आनंद झाला की काय सांगू.

हाताच्या पद्धतीबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण बोर्ड आणि हात यांची जोडी असते. चाळीत बहुतेकांची कैची: मधलं बोट तर्जनीच्या मागे अडकवायचं आणि सोडायचं. झटका जबरदस्त. मंद बोर्डवर कैचीशिवाय पर्याय नसायचा. वेगवान बोर्डवर मात्र नुसती तर्जनी किंवा नुसतं मधलं बोट, बाकीची बोटं बोर्डवर टेकलेली, आणि नखाचा भाग स्ट्रायकरला जवळजवळ चिकटलेला. बोट मागे घेऊन मारायचं नाही, तिथूनच पुढे सोडायचं. मी आज मधल्या बोटाने खेळते. ब्रेकला मात्र अजून कैचीच येते, ते लालबागचं आहे, ते जायचं नाही आणि मला ते घालवायचंही नाही. मुलांना शिकवताना मी कोणालाही एक पद्धत लादत नाही. मनगट टेकलेलं हवं, बोट पुढे जाऊन थांबायला हवं, बाकी ज्याचं त्याने शोधावं. फक्त स्ट्रायकर दोन्ही लाइनींना टेकलेला हवा आणि लाल गोलावर ठेवायचा तर तो गोल पूर्ण झाकला गेला पाहिजे, अर्धवट नाही, हे पहिल्या दिवसापासून. घरगुती खेळात याकडे दुर्लक्ष होतं आणि मग पुढे स्पर्धेत तेच नडतं.

सोंगट्या आणि स्ट्रायकर बोर्डबरोबर फुकट मिळतात ते घेऊ नका. आम्हाला मिळालेल्या सोंगट्यांची जाडी एकसारखी नव्हती, तीन-चार तर हातात घेतल्यावरच हलक्या लागल्या. सोंगटी पाच ते साडेपाच ग्रॅमची असावी लागते. मी सोनाराकडच्या काट्यावर वजन करून वेगळा सेट घेतला, त्याला 450 रुपये पडले. स्ट्रायकर दोन घेतले, 12 ग्रॅमचा मुलांना आणि 15 चा मोठ्यांना. पंधराच्या वर नियमात चालतच नाही. पूर्वी हस्तिदंती स्ट्रायकर असायचे, माझ्या सिनियर बाईंकडे होता एक, पिवळसर, कडेला झिजलेला. आता हस्तिदंती आणि धातूचे दोन्ही बंद आहेत, ते बरंच झालं.

पावडर आणि दिव्यात मात्र मी कंजुषी केली नाही. बोरिक पावडर घेतली, मुलांना खेळून झाल्यावर हात धुवायची ताकीद देऊन. हल्ली ज्याला डिस्को पावडर म्हणतात ती फार बारीक असते आणि तिच्यावर सोंगटी अक्षरशः तरंगते, पण मुलं ती मुठीने टाकतात. बोर्डवर पावडर दिसायला नको, हाताला जाणवायला हवी, एवढी पुरते. दिव्याचं एक सांगते. इलेक्ट्रिशियन म्हणाला, एलईडी लावा, वीज वाचेल. मी साठचा पिवळा बल्बच मागितला आणि शेडमध्ये लावून घेतला. त्या बल्बची ऊब बोर्डवर पडते आणि पावसाळ्यात प्लाय कोरडा राहतो. एलईडीखाली डोंबिवलीच्या जुलैत पावडरीचे गोळे होतात, हे मी स्वतःच्या घरच्या बोर्डवर बघितलंय. खेळायच्या आधी दहा मिनिटं दिवा लावून ठेवायचा, मग कोरड्या सुती कपड्याने पुसायचा, मग पावडर.

हिशेब असा झाला: बोर्ड 6,800, लोखंडी स्टँड 2,400, शेड आणि वायरिंग 900, सोंगट्या 450, दोन स्ट्रायकर 600, पावडर आणि जाड कापडाचं कव्हर 750. एकूण 11,900. 2,100 रुपये सोसायटीला परत केले. स्टँड मी मुद्दाम 63 सेंटिमीटरचा, नियमातला सगळ्यात बुटका घेतला, कारण खेळणारे बहुतेक शाळेतले आहेत. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर उशी ठेवली की उंची जमते.

तीन आठवडे झाले. बोर्डची तक्रार एकच आहे: पॉकेटच्या जाळ्या सुती आहेत आणि सैल बांधलेल्या, त्यातली एक सुटून सोंगटी खाली पडली. नायलॉनच्या जाळ्या 80 रुपयांत मिळतात, त्या मी पुढच्या फेरीत आणणार आहे. प्लाय सरळ आहे, दोरा पुन्हा लावून बघितला. फ्रेमचं रिबाउंड जंबोइतकं नाही, लांबच्या फ्रेमवरून मागे येणारा शॉट थोडा आखूड पडतो, आणि जोर वाढवला तर दिशा जाते. मोठ्यांना हे जाणवेल. तळमजल्यावरचे काका, जे रेल्वेकडून खेळायचे, ते म्हणालेच, "बोर्ड चांगला आहे, पण फ्रेमवरून मागे आणायच्या शॉटला जरा दमतो." त्यांचं खरं आहे.

संध्याकाळी साडेसहाला मुलं खाली येतात, साडेआठला मोठे. मुलं आधी पॉइंटचा खेळ खेळतात, काळी पाच, पांढरी दहा, आणि शेवटचा बोर्ड काळ्या-पांढऱ्याचा. परवा त्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने राणी घेतली, कव्हरची पांढरी तोंडावर आणून ठेवली आणि पुढच्याच पाळीला घेईन म्हणाली. मग नियम आठवून तिने राणी स्वतःच मधे नेऊन ठेवली. बल्बच्या उजेडात तिच्या कोपरापर्यंत पावडर लागली होती. तिची आई वरून तिसऱ्यांदा हाक मारत होती.